पसंतीक्रम एक ते पाच

मला प्रवेश मिळाला आणि बाबा गेले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, त्यामुळे अभिनंदन करायला आलेली माणसं आणि सांत्वनाला आलेली माणसं एकाच सोफ्यावर दाटीवाटीने बसली, आणि कोणी कसला चेहरा करायचा यावरून थोडा गोंधळ उडाला.

हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून काहीही झालेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, परीक्षेला दोन महिने आहेत आणि आम्ही दोघं एका विद्यापीठाच्या लिफ्टमध्ये उभे आहोत. बाबांनी लिफ्टच्या फरशीवर एक नाणं कडेवर उभं केलंय आणि मला श्वास रोखायला सांगितलंय.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं. लिफ्ट नीट आहे की नाही हे बघायची त्यांची रीत अशी, की नाणं कडेवर उभं करायचं आणि सगळ्यात वरचं बटण दाबायचं. नाणं वरपर्यंत उभं राहिलं तर लिफ्ट पास. पडलं तर कितव्या मजल्यावर पडलं ते वहीत लिहायचं. माझ्यासाठी विद्यापीठ निवडायलाही त्यांनी हीच रीत लावली. माहितीपुस्तिका त्यांनी चाळल्या होत्या, पण एकीतही लिफ्टचा फोटो नव्हता, त्यामुळे त्यांचा पुस्तिकांवर विश्वास बसला नाही.

"जे लिफ्टकडे बघत नाहीत ते पोरांकडे काय बघणार, साहेब?" ते म्हणाले.

साहेब म्हणजे मी. मी तिसरीत असताना बाबांनी बांधलेला झोपाळा एका बाजूला कलतो अशी लेखी तक्रार केली होती. तेव्हापासून घरात माझा हुद्दा वाढला.

मला भूकंपाचा अभ्यास करायचा होता. ज्या माणसाने आयुष्यभर 'भूकंपात लिफ्ट वापरू नये' अशा पाट्या ठोकल्या, त्याच्या मुलीने भूकंपाच्या बाजूने जावं हा तसा फितुरीचाच प्रकार, पण बाबांनी हरकत घेतली नाही. आत्याने घेतली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई नसल्यापासून घर तिच्या ताब्यात आहे. आईची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात विनोद नाहीत. आत्याचं म्हणणं असं, की भूकंप आला की सगळ्यांनाच कळतं, त्याला पदवी कशाला लागते.

आम्ही पाच विद्यापीठं बघितली. प्रत्येक ठिकाणी गळ्यात ओळखपत्र घातलेला एखादा विद्यार्थी आम्हाला ग्रंथालय, उपाहारगृह आणि झाडं दाखवायचा. बाबा त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, लिफ्टचे दोर कधी बदलले? यावर एकाने सांगितलं की तो इतिहासाचा आहे.

सगळ्यात जवळचं विद्यापीठ आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. तिथे भूकंप दुसऱ्या वर्षात एका धड्यापुरता येतो आणि तोही ऐच्छिक. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबत होती. दार लागायच्या आतच नाणं पडलं, घरंगळत फटीपर्यंत गेलं आणि खाली खड्ड्यात नाहीसं झालं. बाबांनी वहीत 'नाणे गेले' एवढंच लिहिलं.

सगळ्यात लांबचं ट्रेनने अकरा तासांवर. तिथे तळघरात भूकंप मोजायची खरी यंत्रं होती. एक बारीक सुई कागदावर थरथरत होती, आणि माझंही तसंच काहीतरी होत होतं. वर नऊ मजले. नाणं नवव्यापर्यंत उभं राहिलं. बाबांनी ते तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी आत एक प्राध्यापक होते, काही न विचारता तेही आमच्याबरोबर श्वास रोखून उभे राहिले. वर पोचल्यावर बाबांनी नाणं उचललं, दारावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे."

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी वही काढून काहीतरी आकडेमोड केली. तीन सेकंदांना एक मजला धरला तर अकरा तासांत तेरा हजार दोनशे मजले होतात, असं त्यांनी मला सांगितलं.

"एवढी उंच इमारत कोणी बांधलेली नाही अजून," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पाचही विद्यापीठांचा अर्ज एकच होता, कागदी. छापलेली पाच नावं आणि प्रत्येकापुढे पसंतीक्रमाची एक रिकामी चौकट. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून बाबा म्हणाले की मी भरतो आणि कामावर जाता जाता देतो. सकाळी बूट घालता घालता मी त्यांना क्रम सांगितला: लांबचं आधी, जवळचं शेवटी, मधली तीन तुम्हाला वाटेल तशी. आणि कोऱ्या अर्जावर सही केली. कोऱ्या कागदावर सही करू नये हे मला बाबांनीच शिकवलं होतं, पण समोर बाबाच होते.

आता मात्र लपवून उपयोग नाही. बाबा गेले.

चौदा मजली इमारत, गच्चीवरची मशीन रूम. त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला वाटलं, टेबलावर डोकं ठेवून डुलकी काढतायत, म्हणून त्याने पंधरा मिनिटं आवाज न करता काम केलं. तो हे सांगताना इतका रडला की आत्यालाच त्याची समजूत घालावी लागली. त्या दिवशी त्या इमारतीतली लिफ्ट अगदी नीट चालू होती. कोणाचीही तक्रार आली नाही.

पाच दिवसांनी पत्र आलं. प्रवेश निश्चित. विद्यापीठ: वीस मिनिटांवालं. सोफ्यावर नेमका तोच दिवस गर्दीचा होता.

मी प्रवेश कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी माझा अर्ज शोधून काचेला लावून दाखवला. बाबांचं अक्षर, प्रत्येक आकडा चौकटीच्या बरोबर मधोमध. जवळच्या विद्यापीठापुढे एक. लांबच्यापुढे पाच.

मला हसू आलं. बाईंना वाटलं रडू येतंय, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग मी त्यांना समजावून सांगितलं. लिफ्टवाल्यांच्या रजिस्टरमध्ये तळमजला पानाच्या तळाशी असतो, त्याचा आकडा एक, आणि सगळ्यात वर असेल त्याचा सगळ्यात मोठा. बाबा एकतीस वर्षं असंच लिहीत आले. घरातल्या सामानाची यादीसुद्धा ते खालून वर लिहायचे. आत्या वरून वाचायची आणि आधी काडेपेटी आणून मग तांदूळ विसरायची. त्यांच्या दृष्टीने पाच म्हणजे सगळ्यात उंच. ही चूक जगात फक्त लिफ्टवालाच करू शकतो, बाई, आणि तीही मनापासून.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी नियमांचं पुस्तक उघडण्याआधी चष्मा पुसला. दुरुस्तीला तीन दिवस होते. पण अर्ज विद्यार्थ्याने स्वतः भरला नसेल, तर भरणाऱ्याने समक्ष येऊन दुरुस्ती करायची. शेवटच्या ओळीत 'अर्ज भरणाऱ्याचे नाव' यापुढे बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. खरेपणाने.

मी विचारलं, समक्ष म्हणजे कितपत समक्ष. त्यांनी मान खाली घातली.

घरी येऊन मी आत्याला चूक कशी झाली ते सांगितलं. मला वाटलं, तीही हसेल. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"चूक कशावरून?" ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. लांबच्या विद्यापीठातून आल्यावर आठवड्याभराने बाबा छातीची तपासणी करायला गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात एकटे राहू नका, हाकेच्या अंतरावर कोणीतरी असू द्या. आत्या दिवसभर शिवणवर्गात असते. बाबांनी तिला शपथ घातली होती की साहेबांना कळता कामा नये.

"दादा तोंडाने कधीच नको म्हणाला नसता तुला," आत्या म्हणाली. "त्याला जमलंच नसतं ते."

म्हणजे दोन शक्यता. एक, बाबांनी मला सगळ्यात उंच ठेवलं आणि आकडा चुकला. दोन, आकडा बरोबर होता, बाबांना मी जवळ हवी होते, आणि मग मला जवळ ठेवून ते स्वतःच निघून गेले. पहिली खरी असेल तर मला लांब जायला हवं. दुसरी खरी असेल तर मी इथे राहायला हवं, आणि आता कोणासाठी, ते मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन अर्ज उजेडात धरून पाहिला. लांबच्या विद्यापीठापुढच्या चौकटीत पाचाच्या खाली काहीतरी खोडलेलं होतं. बाबांनी इतकं नीट खोडलं होतं की खालचा आकडा वाचता येत नव्हता. बाईंनी आपलं भिंग दिलं, शेजारच्या टेबलावरचे साहेबही उठून आले, त्यांनीही पाहिलं. एक असेल, ते म्हणाले. किंवा पाचच असेल, आधी वाकडा आलेला.

आज शेवटचा दिवस. बाई म्हणाल्या, निदान एक लेखी अर्ज देऊन ठेव, फाइलला लागेल. तो असा:

प्रति, मा. कुलसचिव.

विषय: अर्ज भरणाऱ्यास समक्ष हजर करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या वडिलांना आज कार्यालयीन वेळेत, खिडकी क्रमांक तीनवर, दहा मिनिटांकरिता उपस्थित राहण्याची परवानगी संबंधितांकडून मिळवून देण्यात यावी. त्यांनी अर्जात कोणतीही दुरुस्ती केली नाही तरी अर्जदाराची हरकत राहणार नाही. एक म्हणजे वर की खाली, एवढेच त्यांना विचारावयाचे आहे. दहा मिनिटे शक्य नसल्यास पाच चालतील.