दवाखान्यातला कुकर

तपासणीचं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून कापसाचे बोळे वळत होते. १९८७ सालचा सप्टेंबर, गणपती नुकतेच गेले होते. डॉक्टरबाईंनी पत्र उभ्याउभ्याच वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "प्रेमाताई, ते येतायत. गुरुवारी."

ते म्हणजे भांडुपच्या एका मोठ्या कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी. अडीच हजार कामगार, त्यांच्या बायका, मुलं. एवढ्या सगळ्यांच्या दातांसाठी आसपासचा एखादा दवाखाना कारखाना आपल्या यादीत घेणार होता. पण आधी जागा, पाणी, हत्यारं, स्वच्छता, सगळं डोळ्यांनी बघून.

आमचा दवाखाना नाहूरला, स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका इमारतीच्या तळमजल्यावर. डॉक्टरबाई, म्हणजे मृणालिनी, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. खोली त्यांच्या सासऱ्यांची. त्यांनी वर्षभराची मुदत दिली होती, दवाखाना चालला तर चालला, नाहीतर दिवाळीला कुलूप. दिवसाला तीन माणसं यायची आणि त्यातला एक पत्ता विचारायला. माझ्या यजमानांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. सातवी शिकलेल्या मला बाईंनी हत्यारांची नावं, त्यांचा क्रम, सगळं शिकवलं होतं. चाळिशी उलटल्यावर मला प्रथमच कुणी काही शिकवत होतं. ती खोली बंद होणार, हा विचारही मला नको होता.

मग काय, अंगात वारं भरल्यासारखं झालं. आम्ही दोघींनी खिडक्यांचे गज घासले, भिंतीला चुना दिला, खुर्चीच्या पायांना काळा रंग लावला. बाई गुडघ्यावर बसून फरशीच्या फटी टूथब्रशनं साफ करत होत्या. मी म्हटलं, "बाई, एवढं तर पेशंटचे दातही कुणी घासत नाही." त्या हसत सुटल्या.

बुधवारी संध्याकाळी त्यांची नजर कुकरवर गेली.

हा कुकर समजून घ्यायला हवा. हत्यारं आम्ही विजेच्या पेटीत उकळायचोच. पण बाईंच्या कॉलेजात वाफेच्या दाबाखाली हत्यारं शुद्ध करायचं मोठं यंत्र होतं, ऑटोक्लेव्ह. तसं आपल्याकडे असायला हवं, हा त्यांचा ध्यास. म्हणून त्यांनी पाच लिटरचा कुकर आणला होता. उकळलेली हत्यारं कापडात गुंडाळून आम्ही जाळीवर ठेवायचो, खाली पाणी, वर वजनाची शिट्टी. मागच्या मोरीत वातीच्या स्टोव्हवर रोज दोनदा.

"हा घरी घेऊन जा," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटेल, आम्ही इथं वरण-भात लावतो. शोभा होईल."

मी कुकर घरी नेला, फळीवर ठेवला, आणि कामाच्या धांदलीत कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

गुरुवारी साडेदहाला डॉक्टर मार्तंड नाडकर्णी आले. साठीला टेकलेले, उंच, हातात चामड्याची बॅग. त्यांनी नळ सोडून पाहिला, दिवा लावून पाहिला, बाईंना हात धुवायला लावले आणि घड्याळाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"वापरलेली सुई कुठं टाकता?"

मी दुधाच्या पावडरीचा डबा पुढं केला. झाकणाला चीर पाडलेली, सुई आत जाते, हात जात नाही.

"ही कुणाची कल्पना?"

"माझी. आमच्याकडे मुलांचा गल्ला असाच होता."

त्यांनी लिहून घेतलं. माझ्या छातीत ढोल वाजत होता, पण छान वाजत होता.

"आणि हत्यारं निर्जंतुक कशी करता?"

बाईंनी उकळायची पेटी दाखवली. नाडकर्णींनी पेनाला टोपण लावलं.

"नुसतं उकळून बी प्रकारच्या काविळीचे विषाणू मरतीलच याची खात्री देता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्याची ही पहिली अट आहे. ऑटोक्लेव्ह नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग मला पुढं काही लिहिता येणार नाही."

बाईंचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. कुकरचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही. मला राहवेना.

"आहे की," मी म्हटलं. "कुकर आहे."

"कसला कुकर?"

"डाळ-भाताचा असतो तसलाच. पण त्यात डाळ-भात कधी लावला नाही."

"कुठं आहे?"

"घरी."

"घरी का?"

"तुम्ही येणार म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तो रोज इथं असतो, आणि तपासणीच्या दिवशी तेवढा घरी."

बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मला लाज वाटली, सर."

"बारा वाजता मला मुलुंडला दुसरा दवाखाना बघायचाय," ते म्हणाले. "आणा तुमचा कुकर."

मी पदर खोचून धावले. दोन गल्ल्या, नाला, मग आमची चाळ. दारातूनच आवाज आला, फुस्स. स्टोव्हवर कुकर, आणि समोर माझ्या सासूबाई द्रौपदी, पाट टाकून बसलेल्या. आमच्या घरी कधी कुकर नव्हता. नवीन भांडं सूनबाईनं घरासाठीच आणलं असणार, म्हणून त्यांनी मालवणहून आलेले काळे वाटाणे लावले होते.

मी स्टोव्ह विझवला, कुकर नळाखाली धरला, वाफ गेल्यावर वाटाणे पातेल्यात ओतले.

"अगो, खंय घेवन चललंस? वाटाणे शिजाक नाय अजून."

"दवाखान्यात."

"दातांच्या डॉक्टरणीक वाटाणे कित्याक?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. राखेनं, मग साबणानं घासला आणि तशीच पळाले.

नाडकर्णींनी झाकण नाकाशी नेलं. "हा कसला वास?"

खोटं बोलता आलं असतं. पण ज्यानं सगळं इतकं बारीक बघितलं त्याला फसवायचं मनात येईना. "काळे वाटाणे. सासूबाईंनी आत्ताच लावले होते. आजच, पहिल्यांदाच. चूक माझी, मी सांगायला विसरले."

बाईंनी डोळे मिटले.

"झाकणाचं रबर दुसरं आहे?"

ते मात्र होतं. बाईंनी कपाटातून नवं कोरं रबर काढलं. मी कुकर पुन्हा उकळत्या पाण्यानं धुतला. नाडकर्णींनी बॅगेतून फिकट रंगाची चिकटपट्टी काढली. पुरेशी वाफ पुरेसा वेळ लागली, तरच तिच्यावर काळ्या रेघा उठतात, ते म्हणाले. आरसा, चिमटा, टोकदार सळी, सगळं कापडात बांधून तिचा तुकडा त्यांनी अगदी आतल्या घडीत चिकटवला.

"शिट्ट्या किती करता?"

"शिट्ट्या मोजत नाही. पहिली झाली की वात बारीक, आणि तिथून घड्याळात वीस मिनिटं. शिट्टीचा भरवसा नाही, काट्याचा आहे."

तेही त्यांनी लिहून घेतलं.

पहिली शिट्टी झाली. आम्ही तिघं मोरीच्या दारात, नजर घड्याळावर. पाच मिनिटं. दहा. एवढ्यात सासूबाई दवाखान्यात येऊन पेशंटच्या बाकावर बसल्या. "झाला काय? वाटाणे थंड झाले."

"या कोण?" नाडकर्णींनी विचारलं.

"वाटाण्यांच्या मालकीण," मी म्हटलं. तेव्हा प्रथमच ते हसले.

वीस मिनिटं झाली. कुकर आपोआप निवेपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. बारा केव्हाच वाजून गेले होते, मुलुंडचं नाव कुणी काढलं नाही. बाईंनी धुतलेल्या हातांनी कापडाची एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. आतल्या तुकड्यावर काजळाच्या काडीनं ओढाव्यात तशा काळ्याभोर रेघा.

बाईंनी तुकडा उजेडात धरला. मीच म्हटलं, "उठल्या."

नाडकर्णींनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. "खालची उजवी दाढ आठ दिवस ठणकतेय. याच आरशानं बघा."

बाई पुढं झाल्या. मी दिवा धरला. सासूबाई बाकावरून मान लांब करून बघत होत्या.

दाढ भरून झाल्यावर तोंड धुऊन त्यांनी कागद पुढं ओढला. 'ऑटोक्लेव्ह: आहे / नाही' असं छापलेलं होतं. दोन्ही शब्द खोडून त्यांनी लिहिलं, 'कुकर. पट्टीनं तपासला. सहा महिन्यांत ऑटोक्लेव्ह घ्यावा. तोवर झाकण लाल रंगवावं, कुकर दवाखान्याबाहेर जाऊ नये.' आणि खाली, 'यादीत घ्यावा.' सही.

दारातून वळून ते बाईंना म्हणाले, "पुढच्या वेळी चांगली गोष्ट लपवू नका."

ते गेले आणि बाईंनी मला खुर्चीपाशीच मिठी मारली, त्या गडबडीत पायांचा काळा रंग माझ्या लुगड्याला लागला. खुर्चीच्या पायांना रंग चार दिवसांपूर्वी लावला होता, वाळलाच नव्हता, आणि तपासणीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता कुकर गावतलो मा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आजी, तो आता दवाखान्याचा," बाई म्हणाल्या.

दुपारी तीनपर्यंत ते वाटाणे पातेल्यात शिजत राहिले आणि तरी दाताखाली टणकच लागत होते. सासूबाई चावता चावता म्हणाल्या, "बरां झाला. तुझ्या डॉक्टरणीक गिऱ्हाइकां गावतली."