चांगल्या पायाला पोतं

गवळीवाड्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिथे होती तिथे घोट्यापर्यंत शेणाचा राडा होता. पोळा होऊन गेला तरी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. नासर्डी नदीच्या काठची ती वस्ती भिजून आंबून गेली होती. तरीही धोतरं वर खोचून, लुगडी सावरून सगळा वाडा त्या राड्यात उभा होता, आणि मधोमध गोखुरी महाराज नावाचा एक गलेलठ्ठ इसम पाटावर बसून डोळे फिरवत होता. महाराजांच्या पाटाखाली गवळ्यांनी चांगलं वाळलेलं गवत अंथरलं होतं. तसं गवत त्या पावसाळ्यात एकाही गाईच्या पायाखाली गेलं नव्हतं.

भागीबाई गावात दूध घालून रिकाम्या चरव्या घेऊन परतत होती. गर्दीत डोकावली आणि तिथेच थबकली. महाराजांसमोर उभी होती ती तिचीच लाखी. नुकतीच व्यालेली, लाखेच्या रंगाची, विधवा झाल्यापासून जिच्या जिवावर भागीबाईचं घर चाललं होतं ती. आठवडाभर मागच्या उजव्या पायाने लंगडत होती. दावं धरून उभा होता तिचा दीर यादव, हात जोडून, तोंडावर भक्तिभाव ओसंडत.

"भावजी, माझी गाय मला न इचारता हितं आणली?"

"वहिनी, आता बोलू नगं. मी तुपाचा नवस बोललोय. महाराजांनी किती गाया चालत्या केल्या, ठावं नाय का तुला?"

महाराजांनी हात वर केला.

"बाळांनो! गोमातेच्या उजव्या खुरात चंद्र राहतो आणि डाव्या खुरात सूर्य! चंद्राला पीडा लागली की माता लंगडते. मग तुम्ही अडाणी लोक दुखरा पाय दाबत बसता! अरे, चंद्र कुणाच्या उजेडावर चमकतो? सूर्याच्या! म्हणून आधी सूर्य जागवावा लागतो. ॐ खुं खुरेश्वराय फट्!"

"फट्!" गर्दी म्हणाली. फट् म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हतं.

महाराजांच्या चेल्याने लाखीच्या मागच्या अंगावर भगवी छाटी टाकली, ती थेट जमिनीपर्यंत. महाराज पाटावरून उतरले आणि छाटीत हात घालून पुटपुटू लागले. चेल्याने शंख तोंडाला लावला. शंख वाजताच सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या, आणि त्याच क्षणी लाखी चारी पायांवर उडाली.

"निघाली! पीडा निघाली!" महाराज ओरडले.

छाटी काढली. यादवने दावं ओढलं. लाखी चालली, आणि सरळ चालली. लंगड औषधालाही उरली नव्हती. लोकांनी टाळ्या पिटून जयजयकार केला, बायांनी लाखीच्या पायांवर हळदकुंकू वाहिलं, म्हाताऱ्यांनी त्या राड्यातच नमस्कार घातले. महाराजांनी तुपाचं मडकं हातात तोलून पाहिलं आणि बजावलं, "पुढची अमावस्या होईतो पायाला हात लावायचा नाही, पाणी लावायचं नाही. शेणातच उभी ठेवा, शेण पवित्र असतं. आणि गोमातेच्या पायाला लोखंड लागलं तर दूध कायमचं आटेल!"

हे शेवटचं सांगायची तशी गरजच नव्हती. गवळीवाड्यात ते सगळे आधीपासूनच मानत होते. बैलांना नालबंदाकडे नेऊन खुरं तासायची, पत्र्या ठोकायच्या, त्यात कुणाला काही वाटत नसे. पण गाईचं खूर वाढून वाकडं झालं, त्यात खडा रुतला, तरी तिला लोखंड लावायचं नाही. तिच्या फक्त पाया पडायचं.

भागीबाई जयजयकारात सामील झाली नाही. लाखी सरळ चालत होती खरी, पण मान खाली घालून, तापलेल्या तव्यावर चालावं तशी पावलं आखडत.

घरी आल्यावर लाखी जी बसली ती उठेना. उठवली तर एकदा या पायावर भार टाकी, एकदा त्या. चरवी अर्धीही भरेना. वासरू आचळांना ढुसण्या देऊन थकलं आणि हंबरत राहिलं.

"पीडा लय मोठी होती," यादव म्हणाला, "म्हनून आंग मोडून आलंय."

"गोटीरामच्या गायीलाबी असंच झालं."

"त्येच्या घरात पाप हाय. महाराजच म्हनले."

शेजारचा गोटीराम हा महाराजांचा पहिला भक्त. त्याची गाय सगळ्यांच्या आधी 'बरी' झाली होती आणि आता घरामागे आडवी पडली होती. आपलं पाप कोणतं ते आठवत बिचारा एकवेळ जेवून दिवस काढत होता. गाईकडे मात्र तो जात नव्हता. हात लावायची बंदी होती ना!

तिकडून वाऱ्यावर येणारा वास भागीबाईला ओळखीचा वाटला. आता तोच वास तिच्या गोठ्यातही येऊ लागला होता. तिने पाणी कोमट केलं, बंदी गेली खड्ड्यात म्हणाली आणि लाखीच्या पायांवरचं शेण, हळद, कुंकू सगळं धुऊन काढलं. उजवा पाय सुजलेला होता, तो तर तिला माहीतच होता. पण डावा, चांगला पाय! त्याच्या दोन नखांमधली बेचकी फुगून लाल झाली होती, आतून पिवळा पू झरत होता आणि पुवाच्या मधोमध काहीतरी काळं टोचलेलं दिसत होतं.

ती तशीच उठली आणि ढोरांच्या दवाखान्यात जाऊन अत्तार डॉक्टरांना घेऊन आली. इब्राहिम अत्तार हा किडकिडीत, तुसडा माणूस. माणसांशी त्याचं फारसं जमत नसे, जनावरांशी जमे. तो लाखीमागे उकिडवा बसला, चिमटा घातला आणि एक काटा बाहेर ओढला. बाभळीचा, चांगला बोटभर. त्यामागून पुवाची चिळकांडी उडाली.

"रस्त्यात रुतला असंल," भागीबाई म्हणाली, पण तिचा तिलाच विश्वास बसेना.

"बाई, हा बघा." डॉक्टरांनी काटा उजेडात धरला. "टोक आत होतं. मागची बाजू चाकूने कापून सपाट केलीय, बाहेर दिसू नये म्हणून. बाभळीला सपाट बुडाचे काटे येतात का?"

"म्हंजे?"

"घोड्यांच्या बाजारातली जुनी हरामखोरी आहे ही. घोडा एका पायाने लंगडत असला की दलाल त्याचा दुसरा पायही दुखवून ठेवतात. लंगड म्हणजे काय? दुखऱ्या पायावरचा भार जनावर चांगल्या पायावर टाकतं. चांगला पायच ठेवला नाही तर भार टाकणार कुठे? दोन्ही पाय सारखे दुखले की जनावर सरळ चालतं. गिऱ्हाईक खूश!"

भागीबाईने तो काटा पदराच्या टोकात बांधला. त्या पायावर बायांनी कुंकू वाहिलं होतं. आत काटा सलत असताना ती मुकी गाय सरळ चालली, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि हे करणारा माणूस तिच्या घरचं तूप खाऊन ढेकर देत बसला होता!

"आता मूळ दुखणं बघू," म्हणत डॉक्टरांनी खूर तासायची वाकडी सुरी काढली. तेवढ्यात यादव आला. सुरी पाहताच तो आडवाच पडला. "गायीला लोखंड? माझ्या घरात नाय व्हनार!" असा तमाशा केला की डॉक्टर चडफडत निघून गेले. लाखीचा उजवा पाय होता तसाच राहिला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. भागीबाई डावा पाय रोज धूत होती, गोठ्याचा कोपरा खरवडून तिने लाखीखाली कोरडी राख पसरली होती. डावा पाय बरा झाला. आणि तो बरा होताच लाखी पुन्हा उजव्या पायाने लंगडू लागली!

"बघा!" यादवने सगळा वाडा गोळा केला. "महाराजांनी घालवलेली पीडा हिनं परत आनली! बंदी मोडली, पाय धुतला, डाक्तरचा चिमटा लावला. आता गाय गेली तर हिच्यामुळं गेली!"

बाया भागीबाईकडे करणी केल्यासारखं बघू लागल्या. काटा दाखवला तर म्हणाल्या, काटे काय, सगळीकडेच पडलेले असतात. खरं बोलणारीची गाय लंगडत होती आणि खोटं बोलणाऱ्याने 'बऱ्या' केलेल्या गाई सरळ चालत होत्या. अशा वेळी कुणाचं खरं करायचं, हे वाड्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

भागीबाईने वाद घातला नाही. म्हणाली, "बरं. चुकलं माझं. सोमवारी महाराज यील, तवा पुन्हा नेते लाखीला."

सोमवारी गर्दी दुप्पट होती. पापी बाई शरण येणार म्हटल्यावर कोण घरी बसतो? भागीबाई लाखीला घेऊन आली. लाखी उजव्या पायाने लंगडत होती, आणि डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत जाड पोतं गुंडाळून सुंभाने घट्ट आवळलेलं होतं. अत्तार डॉक्टर मागे छत्री टेकून उभे होते.

महाराजांची नजर पोत्यावर गेली आणि चेहरा बदलला. "हे काय? सोडा ते!"

"महाराज, त्यो चांगला पाय हाय. त्याला राड्याची घाण लागू नये म्हनून बांधला. दुखतो त्यो हा उजवा. ह्यो करा बरा."

"मूर्ख बाई! सूर्य कोंडलास तू! सूर्याशिवाय चंद्र कसा सुटणार?"

"सूर्याला पोत्यानं काय व्हतंय? ढग आला म्हनून चंद्र इझतो का?"

कोणीतरी फिसकन हसलं. गोटीराम पुढे आला. त्याच्या आवाजात काकुळती होती. "महाराज, दुखता पाय तर मोकळाच हाय. तेवढा करा की बरा. माझीबी श्रद्धा वाढंल."

आता मागे हटता येईना. छाटी पडली, मंत्र झाला, शंख वाजला. लाखी उडाली नाही. शंख पुन्हा वाजला, चेल्याचे गाल फुगून लाल झाले. लाखी शांतपणे रवंथ करत होती. छाटीखाली मात्र सुंभ करकरलं. भागीबाई त्याचीच वाट बघत होती. तिने छाटी ओढून फेकून दिली. महाराजांचा एक हात पोत्याच्या गाठीवर होता आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली होती. जड चरव्या वाहून वाहून घट्ट झालेल्या हातांनी तिने ते मनगट पिरगाळलं.

राड्यात काटे पडले. बाभळीचे, बुडाशी सपाट कापलेले, सगळे एका मापाचे.

डॉक्टरांनी चढ्या आवाजात, कुणालाही कळेल असं, ते भाराचं गणित सांगितलं. ऐकता ऐकता लोक आपापल्या गाईंकडे पळाले. ज्याने त्याने 'बऱ्या' झालेल्या गाईचा चांगला पाय उचलला आणि वाडाभर एकच शिवीगाळ सुरू झाली. गोटीराम सगळ्यात शेवटी आला. त्याच्या तळहातावर पुवाने माखलेला काटा होता. डॉक्टर त्याच्या घरामागे जाऊन आले आणि त्यांनी मान हलवली. पाय सांध्यापर्यंत सडला होता. काटा रुतल्यापासून ती गाय मालकापासून हाकेच्या अंतरावर पडली होती, आणि मालक आपलं पाप शोधत होता.

लोक महाराजाला तुडवायला धावले. डॉक्टरांनी त्याला कसंबसं सोडवून चौकीवर पाठवलं. जाताना त्याचं धोतर शेणाने लडबडलं होतं, ते मात्र भागीबाईने डोळे भरून पाहिलं.

"मारा त्याला, कापा त्याला!" यादव अजून ओरडत होता.

"आन् तुमाला कोन मारनार, भावजी?" भागीबाई कडाडली. "त्यानं काटा घातला, पन गायी लंगड्या कुणी केल्या? आखाडापास्नं ह्या मुतात उभ्या केल्या, त्या त्यानं? बैलाला पत्री मारता तवा लोखंड चालतं, आन् गायीचं खूर कुजलं तरी चालत नाय! बसा खाली. धरा पाय."

यादव इकडेतिकडे बघू लागला. कुणी त्याच्या मदतीला आलं नाही. तो राड्यात बसला आणि त्याने लाखीचा उजवा पाय मांडीवर घेतला. डॉक्टरांनी वाकडी सुरी चालवली. वाढलेलं, काळं पडलेलं खूर चकतीसारखं निघालं, खालून काळा, कुजका पू फुटून यादवच्या सदऱ्यावर उडाला आणि त्याबरोबर चिंचोक्याएवढा खडा बाहेर पडला. अशी घाण सुटली की पुढची रांग नाक दाबून मागे सरली.

"मागं सरू नका!" भागीबाई म्हणाली. "वास घ्या. ही तुमची पीडा. हिच्यात ना चंद्र, ना सूर्य. रोज पाया पडलात, पाय कुणी उचलून बघितला नाय."

डॉक्टरांनी जखम मोरचुदाच्या पाण्याने धुतली आणि सांगितलं, की पावसाळ्याआधी खुरं तासा, गोठा कोरडा ठेवा, पाय रोज धुऊन बघा, लंगड दिसली की त्याच दिवशी दवाखान्यात या. यात चमत्कार नव्हता, म्हणून टाळ्या पडल्या नाहीत.

लाखीने पाय हळूच जमिनीला टेकवला. दोन पावलं गेली, ती थोडी लंगडतच. कुणीतरी निराश होऊन म्हणालं, "अजून लंगडतीच हाय की!"

"लंगडू दे तिला," भागीबाई म्हणाली. "दुखतंय म्हनून लंगडती. दुखायचं थांबलं की चालंल."