वरच्या मजल्यावर गोल आधी होतो

माझ्या घरात हॉकीच्या दोन वेड्या आहेत आणि मी त्या दोघींच्या मध्ये राहतो. एक माझी आई, दुसरी माझी बायको. मला स्वतःला हॉकीतलं फार कळत नाही. मी फरशा बसवतो. सामना चालू असताना माझी नजर प्रेक्षकांच्या पायऱ्या सरळ बसल्यात की नाही याकडे जाते. पण त्या अंतिम सामन्याच्या दुपारी मी गोल दोनदोनदा पाहिले, तेही घरच्या घरी, आणि माझासुद्धा जीव टांगणीला लागला.

आई बसमध्ये कंडक्टर होती. मागच्या दारातून तिनं दिलेली हाक इंजिनाच्या घरघरीवरून थेट ड्रायव्हरच्या कानात जायची. डेपोत तिचं नावच 'कर्णा' पडलं होतं. हॉकीचं वेडही तिला तिथलंच. विश्रांतीच्या खोलीत एक काळा-पांढरा टीव्ही होता. पिवळ्या क्लबच्या आणि निळ्या क्लबच्या मुली समोरासमोर आल्या की पडद्यावर सगळ्या करड्याच दिसायच्या. आई पिवळ्यांची. "रंग कशाला लागतो? आमच्या पोरी मी चालीवरून ओळखायचे," असं ती अजून सांगते.

पुढे रंग आला, केबल आली, मग छतावर डिश बसली. डिशवरचं खेळांचं चॅनेल एका हंगामात गायबच झालं. सामने दुसऱ्या चॅनेलवर गेले, तिथून तिसऱ्यावर. "विंचवाचं बिऱ्हाड मेलं," आई म्हणायची, "आज इथे तर उद्या तिथे." प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला ती रिमोट घेऊन चॅनेलं पालथी घालायची आणि हॉकी सापडली की जत्रेत चुकलेलं पोर सापडावं तशी ओरडायची.

माझी बायको निळ्यांची. तिला मी पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा नेमका याच दोन क्लबांचा सामना लागलेला. ती बिचारी बुजेल, गप्प बसेल, असं मला वाटलं होतं. पाचव्या मिनिटाला ती खुर्चीच्या टोकाला सरकून ओरडली, "अगं, पास दे ना, वेडे!" आईनं वळून तिच्याकडे पाहिलं. सामना निळ्यांनी जिंकला. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "मुलगी चांगली आहे. पण निळी आहे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "असू दे. बोलायला तरी कुणी मिळेल. तुझ्याशी काय बोलायचं, फरशा?"

तेव्हापासून दोघी एकाच कोचावर बसून एकमेकींच्या क्लबांना शिव्या घालत आल्या. मी आपला फराळाच्या वाट्या भरायचो आणि रिकाम्या न्यायचो.

या वर्षी सामने टीव्हीवरून उठून एका अ‍ॅपवर गेले. बायको कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तिच्याकडे जबड्यांचे साचे पाठवतात. खालच्या मजल्यावर तिची कामाची खोली आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण, घासायची छोटी मोटर, आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. तिनं त्यावर अ‍ॅप बसवलं आणि हंगामभर दोघींनी तिथंच सामने पाहिले. आईला ते अ‍ॅप कधीच मानवलं नाही. चित्राऐवजी मध्येच एक चक्र गरगरत राहायचं, तेव्हा ती फळीवरच्या जबड्यांकडे बघून म्हणायची, "बघा, हेसुद्धा हसताहेत."

अंतिम सामना पिवळे विरुद्ध निळे असा ठरला आणि घरात तीन दिवस आधीपासून हवा तापली. पिवळ्यांनी हा चषक जिंकल्याला इतकी वर्षं झाली होती, की तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो.

सामन्याच्या सकाळी बायको साचे पोचवायला बाहेर गेली. आईला राहवेना. आधीच सगळं लावून ठेवावं म्हणून ती खाली गेली. अ‍ॅपनं पासवर्ड विचारला. आईनं आठवेल तो टाकला. तो चुकला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी पडद्यावर पाटी आली, की सुरक्षेसाठी हे खातं काही काळ बंद ठेवलंय.

बायको परतली आणि पाटी बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई! हात कशाला लावलात? आजच्या दिवशी?"

"लावला हात. विस्तव होता का तो?"

"विस्तव परवडला असता! दुपारी सामना आहे आणि खातं बंद!"

"मग बस तू तुझं खातं घेऊन," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. आईचा आवाज खाली आला की समजावं, लागलंय. "मी माझं बघेन."

आणि तिच्याकडे उपाय होता. अंतिम सामना जुन्या फुकटच्या चॅनेलवरही दाखवणार होते. माळ्यावरचा जुना टीव्ही मी तिच्या खोलीत, वरच्या मजल्यावर नेला. अँटेना खिडकीत उभा राहीना, तेव्हा फरशीच्या दोन तुकड्यांत चेपून बसवला. मुंग्या गेल्या आणि हिरवंगार मैदान उमटलं. "बघ," आई म्हणाली, "ना पासवर्ड, ना पाटी." पण कोचावर ती एकटीच बसली होती, आणि शेजारची जागा तिनं उगाचच हातानं झटकली.

खाली बायकोनं चार-पाच फोन करून खातं उघडून घेतलं. म्हणजे दोन मजले, दोन पडदे, आणि मध्ये जिना. मी जिन्यात.

अडचण काय आहे ते पहिल्या पेनल्टी कॉर्नरला कळलं. मी खाली होतो. पडद्यावर पिवळ्यांची खेळाडू चेंडू आत ढकलायला नुकती वाकत होती, एवढ्यात वरून छत हादरलं. "गोऽऽल!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "अजून मारलाच नाहीये!"

मग तिनं ढकलला, दुसरीनं अडवला, तिसरीनं फिरकावला, आणि चेंडू गोलरक्षकाच्या खांद्यावरून जाळीत गेला. अ‍ॅप टीव्हीच्या जवळपास अर्धं मिनिट मागे चाललं होतं. बायको गोल बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर शिळी बातमी वाचल्यासारखा भाव होता.

"जा," ती मला म्हणाली, "त्यांना सांग, हळू."

मी वर गेलो. आई कोचावर उभी होती. "आई, ती म्हणते, हळू. खाली अजून गोल व्हायचा असतो."

"मग काय, तोंड शिवून घेऊ?"

"उशी घे."

आईनं खरंच उशी घेतली. पण त्यानं काही साधलं नाही. वर पावलं धाडधाड वाजली की खाली कळायचं, पिवळे पुढे घुसले. काहीच वाजलं नाही की कळायचं, निळे घुसले. बायको पडदा सोडून छताकडे बघायला लागली. "शांतता आहे," ती कुजबुजायची, "आपलं काहीतरी चांगलं चाललंय!"

तिसऱ्या सत्रात मी वर असताना निळ्यांनी बरोबरी केली. उजवीकडून त्यांची आघाडीची पोर वाऱ्यासारखी सुटली, दोघींना चकवलं आणि उलट्या स्टिकनं चेंडू कोपऱ्यात घातला. आईनं उशीत तोंड खुपसलं. आणि मी, ज्याला हॉकीतलं काही कळत नाही, जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या टाकत खाली पळालो. खाली ती पोर अजून मध्यरेषेवरच होती! मी बायकोच्या मागे उभा राहिलो आणि ओठ आवळून गप्प राहिलो. पोर सुटली. एक चकवली. दुसरी चकवली. गोल! बायकोनं किंकाळी फोडली आणि मला मिठी मारली, मग मागे सरून माझं तोंड निरखलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि बोलला नाहीस?"

"नाही."

"शहाणा आहेस," ती म्हणाली. लग्नानंतर हे प्रशस्तिपत्रक मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

चौथ्या सत्रात निळ्यांनी दुसरा गोल केला. वर इतकी शांतता पसरली की मी काळजीनं वर जाऊन आलो. आई ताठ बसली होती, हातात उशीचा कोपरा पिळलेला. "जा खाली," ती म्हणाली, "तिच्याजवळ बस. तिचं बीपी वाढेल." सामना संपायला मिनिटभर उरलं असताना पिवळ्यांनी गोलरक्षक काढून अकरावी खेळाडू मैदानात उतरवली, गोलसमोरच्या डीमध्ये नुसती झुंबड उडाली, स्टिकांचं रान माजलं, आणि कुणाच्या तरी स्टिकला लागून चेंडू आत गेला. हे अर्थात खाली दिसण्याआधी आम्ही ऐकलं. उशीतूनही. दोन-दोन.

शूटआउट.

नियम मला त्या दिवशी कळला. खेळाडू एकटी चेंडू घेऊन धावते, समोर एकटी गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. हूटर वाजायच्या आत चेंडू गोलरेषेपार गेला तर गोल, नाहीतर नाही. दोन्हीकडून पाच-पाच जणी.

बायको आता उभी होती. मी तिचा हात धरला होता की तिनं माझा, कुणास ठाऊक. पिवळ्यांचा पहिला आत. निळ्यांचा आत. पुढचे दोन्ही अडवले गेले. वरून थपथप, मग शांतता, मग थपथप. चार-चार झाल्या तेव्हा तीन-तीनची बरोबरी होती. पिवळ्यांच्या पाचवीनं गोलरक्षकाला आडवं झोपवलं आणि चेंडू अलगद सरकवला. चार-तीन.

आता निळ्यांची शेवटची. गोल झाला तर पुन्हा बरोबरी, हुकला तर सगळं संपलं. तिसऱ्या सत्रात वाऱ्यासारखी सुटली होती तीच पोर. तिनं चेंडू ठेवला, कपाळ पुसलं, पंचांनी हात वर केला.

आणि पडद्यावर चक्र फिरायला लागलं.

"नाही!" बायको ओरडली. "आत्ता नाही!" तिनं रिमोट हलवला, टेबलावर आपटला, एक जबडा लवंडला. चक्र फिरतच राहिलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी छताकडे पाहिलं.

वर काही म्हणजे काही नाही. पाऊल नाही, थाप नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. आईचे गुडघे दुखतात. सकाळपासून ती जिना उतरली नव्हती. ती दारात आली. तिकिटाच्या रांगेत भांडण लागलं की तिचा चेहरा व्हायचा तसा होता, त्यावरून काडीचं काही कळत नव्हतं.

"काही सांगू नका!" बायकोनं कानांवर हात ठेवले.

"कोण सांगतंय," आई म्हणाली. "सरक."

बायको बाकावर टेकली आणि आई तिच्या शेजारी बसली. चक्र थांबलं, आणि सामना जिथं अडकला होता तिथूनच पुढे सुरू झाला. पोर अजून उभी होती.

"ही घालणार, आई," बायको म्हणाली. "बघाच तुम्ही. ही हुकत नाही."

"चांगली खेळते पोरगी," आई म्हणाली.

शिट्टी. पोर निघाली. गोलरक्षक पुढे झेपावली. पोरीनं चेंडू डावीकडे ओढला, मारला, पॅडला आदळून परत आला! ती पडली, उठली, धावली, चेंडू गाठला, वळून मारला. जाळीत!

बायकोनं उडी मारली. अशी उडी, की बाक मागे सरकला आणि आई कशीबशी सावरली. "गोऽऽल! गोऽऽल!" तिनं माझे खांदे गदागदा हलवले. मी आईकडे पाहिलं. आई बायकोकडे बघत होती, आणि ओठ तिनं घट्ट मिटले होते.

पंचांनी दोन्ही हात आडवे हलवले. हूटर आधी वाजला होता. गोल नाही. पडद्यावर पिवळ्या कपड्यांचा ढीग झाला.

बायकोचे हात वरच राहिले. मग हळूहळू खाली आले. ती आईशेजारी बसली.

"तुम्हाला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली.

"होतं. वरती एकटीनं बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. शेजारी कुणी निळं नसेल तर ओरडायचं कुणावर?" आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि तू अशी उडी मारलीस, मला वाटलं, माझाच टीव्ही खोटं बोलला की काय."

बायको हसली, डोळे पुसत हसली. "मग आता ओरडा ना."

"नको ग."

"ओरडा हो! इतक्या वर्षांनी जिंकलेत!"

"ओरडू?"

"ओरडा!"

आईनं दम घेतला, आणि ती ओरडली. खिडकीची काच थरथरली. समोरच्या घराची खिडकी उघडली, कुणीतरी विचारलं, काय झालं? बायकोनंच उत्तर दिलं, "आमच्या आई जिंकल्या!"

मी जरा बसलो. बायको पडदा बंद करायला उठली, तेवढ्यात आईनं विचारलं, "ते शेवटचं पुन्हा दिसतं का यावर?"

"दिसतं. कितीही वेळा."

"काय सांगतेस!" आई पुढे सरकली. "लाव."

बायकोनं लावलं. पोर धावली, पडली, उठली, मारलं. आईनं टाळी वाजवली. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा बायकोनं चित्र मध्येच थांबवलं आणि पडद्याजवळ जाऊन नाक लावलं.

"आई, इकडे या. चेंडू कुठे आहे बघा. रेषेच्या आत आहे! आणि हूटर अजून वाजलेलाच नाही!"

"वाजलाय."

"कुठे वाजलाय? ऐका नीट!"

"मी वरती ऐकला, स्वच्छ! तुझं अ‍ॅप मागे आहे, त्याला काय कळतंय?"

मी उठलो आणि लवंडलेला जबडा उचलून फळीवर ठेवला. रिकाम्या वाट्या घेऊन निघालो तेव्हा दोघी पडद्याला चिकटून उभ्या होत्या आणि आई म्हणत होती, "थांब, थांब, एक इंच मागे घे."