मोरीतल्या मुंग्या

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मी माझ्या बायकोसाठी, जानकीसाठी, पेज घेऊन इस्पितळात गेलो. वॉर्डाच्या दारातच नर्सने मला थांबवलं आणि माझ्या हातातला डबा काढून घेतला. तेव्हाच मला कळलं. पायाची जखम चिघळली म्हणून जानकीला तिथे ठेवलं होतं. जखम भरत आली होती, पण पहाटे हृदय बंद पडलं. साखरेच्या रोग्याला कधी कधी छातीत कळसुद्धा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "रात्री तिला तहान लागली होती का?" सात वर्षं आमच्या घरात सकाळी उठल्यावर हाच प्रश्न पहिला असायचा, म्हणून तोच तोंडातून आला.

मी काशीराम परब. भांडुपला चाळीत राहतो. संप होईपर्यंत गिरणीत रंगखात्यात होतो, आता मुलुंडला एका कारखान्याच्या गोदामात आहे. रंगखात्यात माणूस दोन गोष्टी शिकतो. एक पाणी आणि दुसरी रंगाची झाक. पाणी तापायला वेळ लावतं आणि निवायलाही. जे टाकाल ते पोटात घेतं, मीठ असो, सोडा असो, रंग असो. आणि निळ्यात जराशी हिरवी झाक आली तर ती लांबून दिसायला लागते.

जानकीचा आजार पहिल्यांदा मुंग्यांनी दाखवला. आमच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी आहे. संडास चाळीच्या टोकाला, म्हणून रात्री बायका मोरीतच बसतात. सात वर्षांपूर्वी मोरीच्या कडेला काळ्या मुंग्यांची रांग लागली. जानकीने राख टाकली, रॉकेल टाकलं, हळद टाकली. रांग पुन्हा लागायची. ती सारखं पाणी प्यायची आणि सारखं उठायची. शेवटी स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. आपण बहुतेक पाणीच असतो. रक्त म्हणजे पाणी, त्यात साखर विरघळून सगळ्या अंगाला पोचते. ती अंगात शिरली नाही तर रक्तात साठते, मग लघवीतून जाते, आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तहान. जानकी म्हणाली, "पण डॉक्टर, मी गोड खातच नाही. दोन वेळचा भात, बस." डॉक्टरांनी तिला सांगितलं की घरी जाऊन कोरडा भात तोंडात घे आणि गिळायचा नाही, नुसता चावत राहा. तिने तसं केलं. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "अगो बाई, गोड लागतोय की." भात म्हणजे साखरेच्याच लांब माळा, तोंडातच सुटायला लागतात, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या दिवसापासून ती भाताला "लबाड" म्हणायची.

मग आमचं सकाळचं काम सुरू झालं. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, चिमटा आणि निळं औषध. औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, मग पिवळा, नारिंगी आणि विटेसारखा लाल झाला तर पुष्कळ. निळं औषध म्हणजे मोरचूदच, तो आम्ही खात्यात वापरायचो. नळी मीच धरायचो. जानकी चूल सोडून बघायला यायची नाही. पाठमोरीच विचारायची, "काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "हिरवं." मग ती भात कमी करायची.

पुढे इंजेक्शन आलं. इन्सुलिन हे प्रथिन आहे, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं. अंडं शिजलं की परत पातळ होत नाही, तसं इन्सुलिन उकाड्याने बिघडलं की परत सुधारत नाही. आमच्याकडे फ्रीज नव्हता. खिडकीत एक लहान मडकं ठेवलं, त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि बाटली आत ठेवली. फडक्यातलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. फडकं ओलं करायचं काम शेवंतीकडे होतं. शेवंती आमची एकुलती एक मुलगी. घाटकोपरला कापडाच्या दुकानात बिलं करते. तिचं लग्न जोगेश्वरीच्या मधुकरशी ठरलेलं आहे. तो छापखान्यात असतो.

जानकीला घरी आणलं तेव्हा माझी मोठी बहीण, सरूबाई अक्का, गावाहून येऊन पोचायची होती. ती दुसऱ्या दिवशी आली आणि आल्या आल्या कामाला लागली. घरात मयत झालं की साठवलेलं पाणी ओतून टाकतात. अक्काने पिंप ओतलं, कळशी ओतली, माठ पालथा केला. खिडकीतल्या मडक्याला हात घातला तेव्हा शेवंती म्हणाली, "आत्या, ते नको."

"अगो, आता कोणाक व्हया ता?"

"राहू दे. नको म्हटलं ना."

अक्का माझ्याकडे बघायला लागली. मीही म्हटलं, राहू दे. आईच्या हाताची वस्तू म्हणून म्हणत असेल, असं मला वाटलं.

तेराव्याला गोडाचं झालं. चार दिवसांनी दिवाळी आली. आम्ही काही केलं नाही, पण शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली. त्याच सुमाराला मोरीच्या कडेला मुंग्या दिसल्या. मला वाटलं, फराळाच्या वासाने आल्या. परातीत पाणी घालून फराळाचा डबा त्यात ठेवला, म्हणजे मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही. सकाळी बघितलं तर परातीकडे एकही मुंगी नव्हती. रांग खिडकीखालून निघून सरळ मोरीकडे गेली होती.

मी तिथे उकिडवा बसून राहिलो. जानकी इस्पितळात गेल्याला महिना होत आला होता. मोरी रोज धुतली जात होती. मग ही रांग कोणासाठी?

फळीवरून दिवा आणि नळी काढली. आधी माझं बघितलं. निळं. मग अक्काला सांगितलं.

"माका?" अक्का ओरडली. "मेल्या, तुका येड लागला? सत्तर वर्सांत डाक्टरान माझी नाडी धरूक नाय, नि तू माझा मूत उकळूक बसलंस!"

"अक्का, हळू बोल. चाळ ऐकतेय."

"आयकूं दे चाळीक! बायल गेली नि भाऊस पिसाळलो, म्हणान सांगतंय."

पण दिलं तिने. आणि जानकीसारखी पाठमोरी बसली नाही. पदर तोंडाला लावून नळीच्या अगदी जवळ येऊन बसली. रंग निळाच राहिला तेव्हा मला म्हणाली, "बघ. मिरगातल्या आभाळासारखा निळा." मृगात आभाळ निळं नसतं, पण मी नळी धुवायला घेतली. दोघांनाही एकदमच कळलं होतं की आता घरात एकच माणूस उरलं.

शेवंती वाळली होती. पोलक्यांना तिने आतून टाके घातले होते. आईच्या दुःखाने, असं सगळी चाळ म्हणत होती, मीही म्हणत होतो. कार्तिकाच्या थंडीत ती माठावरून तांब्या भरून घ्यायची आणि एका दमात संपवायची.

संध्याकाळी ती कामावरून आल्यावर मी सरळ विचारलं. "शेवंते, उद्या सकाळी तुझं बघू या का?"

"नाही."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"बाबा, ते पाच मिनिटांचं काम सात वर्षं चाललं. नको." मग जरा थांबून म्हणाली, "लग्न होऊ दे. मग बघा काय ते. आत्ता लाल आलं आणि मधुकरच्या घरी कळलं, तर ते मोडतील. वर्षाच्या आत झालं नाही तर पुढे तीन वर्षं थांबायचं. मग कोण करतंय?"

हे खोटं नव्हतं. आमच्यात आईबापांपैकी कोणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. मी म्हटलं, "लपवून द्यायचं?"

"लपवायला आधी माहीत असायला पाहिजे ना? मला काही माहीत नाही. तुम्हालाही नाही."

पुढच्या रविवारी मधुकर एकटाच आला. चांगला मुलगा आहे, बोलायला फटकळ. चहा झाल्यावर म्हणाला, "काका, आई म्हणते वैशाखापर्यंत कशाला थांबायचं, माघातच उरकून टाकू."

मी काही बोलायच्या आत शेवंतीच पुढे आली. माझ्यासमोर "मला काही माहीत नाही" म्हणणारी ती त्याच्यासमोर बोलली. "एक सांगायचं आहे. आई साखरेने गेली हे तुम्हाला माहीत आहे. मलापण असेल."

"असेल म्हणजे? आहे का नाही?"

"बघितलं नाही."

"मग बघ ना! घरात सगळं सामान आहे म्हणतेस."

"आणि लाल आलं तर?"

मधुकरने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी दिवसभर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे हाताळतो. ते शिसं अंगात जाऊन आमच्यातले दोघे पोट धरून घरी बसलेत. उद्या मी बसलो तर तू काय, पळून जाशील?"

"ती पळात तर पळांदे," अक्का आतून म्हणाली, "तू पळू नको म्हणजे झाला."

मधुकर हसला, पण लगेच गंभीर झाला. "आईला मी सांगेन. दोन दिवस आरडाओरडा करेल, मग गप्प होईल. पण न बघता लग्न नको, शेवंती. घरात काय आहे ते मला माहीत पाहिजे. बघ आणि कळव. तोपर्यंत तारीख काढत नाही."

शेवंती कप उचलून मोरीत गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी त्याला खालपर्यंत सोडून आलो, तेव्हा ती धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"चांगलं बोलला की," मी म्हटलं.

"मला वाटलं होतं नाही म्हणेल."

"मग बरंच झालं."

"काय बरं झालं, बाबा? आता न बघायला कोणाचं नाव पुढे करू?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो. ती हळू आवाजात म्हणाली, "आई नळीकडे कधी बघायची नाही. तुम्हाला वाटायचं चूल सोडता येत नाही म्हणून. ती डोळे मिटून उभी असायची. मी समोरून बघितलंय. रोज. आदल्या दिवशीपर्यंत ती पाण्याचा हंडा घेऊन जिना चढत होती, आणि लाल रंग दिसला त्या दिवसापासून आजारी झाली."

"रंग दिसला म्हणून नाही, बाळा. साखर आधीच होती."

"माहीत आहे मला."

"वेळेवर कळलं म्हणून सात वर्षं तरी मिळाली."

"तेही माहीत आहे." तिने कप पालथे घातले. "मला सगळं माहीत आहे, बाबा."

त्यानंतर मी तिला पुन्हा विचारलं नाही. सकाळी दिवा भरून ठेवतो, नळी धुऊन ठेवतो आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसतो. ती आवरते, पाणी पिते, कामाला जाते. अक्का म्हणते, मोरीतून गुपचूप चार थेंब घे, तिला कळणार नाही. घेता येतील. मी घेणार नाही. डॉक्टरांना विचारून आलो आहे, ते म्हणाले जितका उशीर तितका धोका, ओढून आणा. ओढून आणायला ती काही लहान नाही.

काल मधुकरने छापखान्यातून आमच्या गोदामात फोन केला होता. काही कळलं का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, कळलं की सांगतो.

मार्गशीर्ष लागला. तारीख काढलेली नाही, आणि शेवंतीची लघवी अजून तपासलेली नाही.