हवाबंद खुराडं

मागच्या वादळात जुन्या खुराड्याचा पत्रा उडाला आणि तिच्या निम्म्या कोंबड्या भिजून गारठून मेल्या. तेव्हाच नवऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "आता असं खुराडं बांधतो, की पाण्याचा थेंब किंवा वाऱ्याची झुळूक आत शिरली तर नाव बदलेन."

नाव बदलायची वेळ आली नाही. आत खरंच काही शिरलं नाही.

नवरा शीतगृहांचा फिटर. मासळी, फळं, आइस्क्रीम ठेवायच्या खोल्या उभारण्यात त्याची हयात गेलेली. चांगली भिंत म्हणजे जिच्यातून काही येत नाही आणि काही जात नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कामावर उरलेली पॅनेलं, दोन पत्र्यांमध्ये जाड फोम भरलेली, त्याने परसात आणून उभी केली. सांध्यासांध्यात सिलिकॉन भरलं, दाराला चारी बाजूंनी रबर लावलं. दार लोटलं की 'फुस्स' व्हायचं आणि त्याचा चेहरा असा खुलायचा, की तो लग्नातसुद्धा तेवढा खुलला नव्हता.

"छपराखाली हातभर लांब फट ठेवा," तिने बजावलं होतं. "जुन्याला होती."

"आणि जुन्याचं काय झालं? अगं, फट राहिली की सगळी मेहनत पाण्यात."

"कोंबड्या आहेत त्या, मासळी नव्हे. जिवंत आहेत, श्वास घेतात."

"मोठी आली मला शिकवणारी!" तो हसला. मागच्या पायरीवर बसून लेकाचं कौतुक पाहणाऱ्या सासूबाईही हसल्या. पण तिने पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे तो म्हणाला, "बरं बाई, ठेवतो फट." त्याने ती ठेवलीही. तिने स्वतः बोट घालून पाहिली होती, म्हणून तर तिने विश्वास ठेवला.

मग पुन्हा वादळ आलं. अंधार पडायच्या आत तिने कोंबड्या कोंडल्या आणि दार लोटलं. एरवी अशा रात्री ती दहादा उठायची. जरा कलकलाट झाला की टॉर्च घेऊन परसात धावायची. "आता निवांत झोप," नवरा म्हणाला. कलकलाट ऐकू आला नाही, आणि ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी पाऊस थांबला होता. तिने दार ओढलं आणि आतून ओली, गरम, उग्र वाफ तोंडावर आली. शिटेचा वास डोळ्यांना इतका झोंबला की घळाघळा पाणी वाहायला लागलं. भिंती आतून पाझरत होत्या. खाली भुशाचा चिखल झाला होता आणि त्यात कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. दाराशीच, रबराला चोच लावून, लंगडी कोंबडी मरून पडली होती. मागच्या वादळात भिजून गारठलेल्यांपैकी वाचलेली तीच एक, जिला तिने स्वयंपाकघरात चुलीजवळ खोक्यात ठेवून, चमच्याने पाणी पाजून जगवलं होतं.

तिने वर पाहिलं. फटीच्या जागी पिवळा फोम फुगून घट्ट बसला होता.

एकेक कोंबडी उचलून तिने बाहेर मोकळ्या हवेत ठेवली. तोवर नवरा चहाचा कप घेऊन आला. त्याने आधी भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे बाहेरचं पाणी नाही हं. माझा एक सांधा गळलेला नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फट कुणी बुजवली?"

"वारा येत होता तिथून. तुला सांगितलं असतं तर तू भांडत बसली असतीस."

"आत जा," ती म्हणाली. "स्वतःचे सांधे नीट बघून या."

सांधे म्हटल्यावर गडी कप ठेवून, वाकून मुकाट आत शिरला. तिने दार लोटलं, फुस्स झालं. मग तिने बाहेरून कडी घातली.

"अगं, हा कुठे गेला?" सासूबाईंनी पायरीवरून विचारलं.

"आत आहेत. काम तपासताहेत."

तिने लंगडीला उचलून छातीशी धरलं. वजन असं काही नव्हतंच. थोड्या वेळाने कडी जराशी थरथरली. बस, तेवढंच. तो आतून ओरडत असणार, शिव्याही देत असणार. पण हातभर अंतरावर उभी असून तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण रात्री इतकं गाढ कसं झोपलो ते. तिला स्वतःच्या झोपेचीसुद्धा चीड आली. तिने कडी काढली.

तो खोकत, लाल डोळे चोळत बाहेर पडला. "वेड लागलंय का तुला? मघापासून घसा फोडतोय, दार बडवतोय! ऐकू येत नाही?"

"नाही आलं," ती म्हणाली. "हिचंही नव्हतं आलं."

त्याने लंगडीकडे पाहिलं. मग घरात जाऊन तो ड्रिल घेऊन आला.

"कुठे पाडू भोकं?"

"तुम्ही नाही पाडायची." तिने ड्रिल त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि मेलेली कोंबडी त्याच्या हातात दिली. "हिला धरा."

मग स्टूल ओढून ती वर चढली आणि छपराखाली, त्या पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत पॅनेलात, पहिलं भोक पाडलं. मग दुसरं पाडलं. पत्रा किंचाळत होता, फोमचा भुगा तिच्या केसांत पडत होता. तिसऱ्याला नवऱ्याने तोंड फिरवलं.

"इकडे बघा!" ती ओरडली, आणि चौथ्या भोकासाठी ड्रिलचं टोक टेकवलं.