दोन पल्सांमधली वृषाली

मी कॉम्प्युटरवर सर्किटचं सिम्युलेशन सुरू केलं की माझ्या वर्गातली वृषाली लॅबचं दार ढकलून आत येते, आणि ते संपलं की नाहीशी होते. पहिल्या वेळेपासून असंच चाललंय. इथून गेल्यावर ती हॉस्टेलवरही पोहोचलेली नाही. मी फोन करून विचारलं.

आमचं सर्किट दोन पल्सांमधला वेळ आकड्यात सांगतं. एकच अंतर पुन्हा पुन्हा मोजायचं आणि उत्तरं किती विखुरतात ते पाहायचं. विखुरणं जितकं कमी, तितकं सर्किट अचूक. पहिल्या पल्सला वृषाली आत येते. "काय शास्त्रज्ञ, चहा, की आकडेच पिणारेस?" म्हणते. मी उठेपर्यंत दुसरा पल्स येतो आणि दार लागतं. दर वेळी तोच आकडा. दर वेळी तिची तीच भुवई वर.

मी फडणीस सरांना आलेख दाखवला आणि वृषालीचंही सांगितलं.

"विखुरणं शून्य? असलं सर्किट अजून जन्माला यायचंय, राजा. नॉईज बंद ठेवूनच चालवलंस ना?"

तसंच चालवलं होतं, खऱ्या सर्किटमध्ये असते ती विजेची बारीक खरखर वगळून.

"मग तू मोजलं नाहीस. एकच फोटो शंभरदा काढलास."

"आणि वृषाली, सर?"

"तीही त्याच फोटोत."

मी नॉईज चालू केला. आता ती जराशी लवकर येई, जराशी उशिरा. एकदा शिंकली. एकदा तिने मला ओळखलंच नाही. आकडे छान विखुरले, पण दार लागलं की ती जायचीच. ती एकदा तरी राहावी म्हणून मी नॉईज वाढवत नेला.

मग एकदा ती माझ्या टेबलापर्यंत पोहोचली आणि तिने त्याची कड घट्ट धरली.

"अरे, किती वेळा बोलावशील? पाय गेले माझे."

"आता जाऊ नकोस."

"मी कुठे जाते? तूच संपवतोस."

दुसऱ्या पल्सची वेळ झाली. एवढ्या नॉईजमध्ये सर्किटला तो सापडेना. दार मिटत राहिलं, पण मिटलं नाही. आकडा वाढत गेला, तशी माझ्या खुर्चीपासून टेबलापर्यंतची फरशी लांबत गेली. वृषालीने कड सोडली नव्हती.

"आकडा किती आला रे?" बाहेरून सर ओरडले.

"सांग ना त्यांना," वृषाली म्हणाली.

तिचे ओठ आधी हलले. शब्द माझ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. किती, ते मी मोजू लागलो.