तीन हिरव्या रेघा

मित्रांनो, माझे वय झाले आहे, पण नजर अजून शाबूत आहे. मी वर्णपटमापक. उजेड आत घ्यायचा आणि त्यातले रंग वेगळे करून दाखवायचे, हे माझे काम. एका कारागिराने माझ्या पोटात आरसे बसवले आणि बारीक रेघांनी आखलेली काच. "हिला कुणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे," असा त्याने सगळ्यांना दम भरला होता.

आमच्या प्रयोगशाळेत एका पोलादी टाकीत हायड्रोजन वायू इतका तापवतात, की तो लखलखू लागतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात तापमापक घातला तर क्षणात वितळेल. म्हणून मी टाकीच्या खिडकीतून नुसता उजेड पाहतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या उजेडातल्या रंगीत रेघा ठरलेल्या असतात. त्यांवरून आत काय आहे, किती तापले आहे, ते कळते.

पंधरा वर्षे माझे कौतुक झाले. मग नवे यंत्र आले आणि माझ्या पाठीवर चहाचे कप विसावू लागले. पण नवे यंत्र फक्त हायड्रोजनची तांबडी रेघ पाही. म्हणून संशोधक ताई मलाही खिडकीपाशी लावी.

एका सकाळी मला तीन हिरव्या रेघा दिसल्या. पुसट, पण पक्क्या. तांब्याच्या! टाकीच्या आत तांब्याचा पत्रा होता आणि त्यामागे गार पाण्याच्या नळ्या. पत्रा झिजत होता. त्याला भोक पडले असते तर पाणी आत घुसून टाकीच फुटली असती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मोठा प्रयोग होता. ताईने रेघा दाखवून टाकी उघडूया म्हटले, तसे प्रयोगशाळेचे प्रमुख वैतागले. "अगं, त्या म्हाताऱ्या यंत्रावर धूळ बसली असेल."

"सर, धुळीनं उजेड कमी होतो. नवी रेघ उमटत नाही."

"मग पाहुण्यांना काय सांगू मी?"

"टाकी उघडलीय म्हणून सांगा."

ते पाय आपटत निघून गेले. ताई हटली नाही. तिने माझे आरसे पुसले, ज्याच्या रेघा आधीच ठाऊक असतात त्या पाऱ्याच्या दिव्याने माझे मोजमाप तपासले आणि टाकी थोडा वेळ पुन्हा चालवली. रेघा तिथेच होत्या, आता अधिक ठळक. तिने प्रमुखांपुढे कागद ठेवला. "लिहून द्या सर. रेघा पाहिल्या, तरी टाकी चालवली."

प्रमुखांनी कागद वाचला. मग टाकी उघडायला त्यांनी स्वतःच पाना उचलला.

पत्र्यात खोल खड्डा पडला होता. तळाशी तांबे कागदाइतके पातळ उरले होते. "उद्या इथं मीच उभा राहणार होतो," एवढेच ते बोलले.

मित्रांनो, यंत्रांना धुळीपासून जपा, पण तेवढ्यावर थांबू नका. आम्ही नको ते सांगू लागलो, की आम्हालाच बिघडलेले ठरवू नका. आधी तपासा. आणि ते खरे निघाले, तर कुणी कितीही डोळे वटारू देत, मागे हटू नका.